रिक्षा सुटण्याआधी

(माणिकपूरमधला एक हॉल, त्याच्या मागची नवरीची खोली. नवरी दिपिका, चांदीपची. तिच्या होणाऱ्या सासूबाई मीराकाकू, बोळिंजच्या. दिपिकाची धोंडूआत्या थोड्या वेळाने फोनवर येईल. फोन स्पीकरवर असेल, पण तिचा आवाज असा की फोन नसता तरी चाललं असतं.)

मीराकाकू : आणि हे पदराखाली काय लपवलंस? दिपिका, लॅपटॉप आहे तो?

दिपिका : नाही काकू. म्हणजे, हो काकू.

मीराकाकू : अगं साखरपुड्याला? बाहेर सनई लागलीय, गुरुजी पाट मांडून बसलेत, आणि तू मांडीवर हे धूड घेऊन? वायर बघ, पैठणीच्या काठात अडकलीय.

दिपिका : दोनच मिनिटं. आज संध्याकाळपर्यंत मेल गेला नाही ना, तर माझं काम या खेपेला वगळणार.

मीराकाकू : कोण वगळणार?

दिपिका : जर्मनीतला एक बुवा आहे. कर्नल म्हणून कॉम्प्युटरचा गाभा असतो, त्याच्या या भागाचं सगळं या बुवाच्या हातात. त्याने हो म्हटलं तर माझं काम जगभर जाणार, नाही म्हटलं तर पुन्हा रांगेत. त्याला थोडंच माहितीये आज माझा साखरपुडा आहे ते!

मीराकाकू : मग कळव की. पेढे पाठवू त्याला. पण काम तरी काय असं? कौस्तुभला विचारलं, तर म्हणाला, ‘आई, ते डिस्कचं काहीतरी आहे’, आणि फ्रीज उघडून उभा राहिला.

दिपिका : सांगते, पण मला गजरा लावायचं थांबवू नका. हे बघा, कॉम्प्युटरमधला प्रत्येक प्रोग्रॅम डिस्ककडे काही ना काही मागत असतो. हे वाच, ते लिही. मधे कर्नल असतो. तो सगळ्यांची मागणी घेतो आणि डिस्कपर्यंत पोचवतो. काही प्रोग्रॅम इतके हावरट, की एकदम डोंगराएवढं मागतात. आणि डिस्क म्हणते, बाई, माझा घास एवढाच. मग कर्नलने काय करायचं? त्या मोठ्या मागणीचे तुकडे करायचे आणि एकेक पाठवायचा. ते तुकडे करायचं काम मी नव्याने लिहिलंय.

मीराकाकू : एवढंच ना? अगं माझा सगळा जन्म पोस्टात पार्सलच्या खिडकीवर गेला. वजन जास्त भरलं की सांगायचे, दोन पार्सलं करून आणा. लोक भांडायचे, पण करून आणायचे.

दिपिका : अय्या काकू, मग तुम्ही कर्नलच की!

मीराकाकू : हलू नकोस, पिन टोचेल. मग अडलंय कुठे?

दिपिका : सगळे तुकडे पोचायच्या आधीच ‘झालं, पोचलं’ असा निरोप जातो. म्हणजे मागणारा बिचारा वाचायला बसतो, आणि शेवटच्या जागी नुसता कचरा. बरं, नेहमी नाही हां. जुन्या डिस्कवर कधीच नाही. नव्या, सुसाट डिस्कवर मधूनच कधीतरी.

मीराकाकू : मग तुकडे मोजत का नाहीस?

दिपिका : मोजते ना! तीच तर गंमत आहे. तुकडा पोचला की एक वजा, शून्य झालं की ‘झालं’ म्हणायचं. शंभरदा वाचून बघितलं. सगळं बरोबर आहे आणि तरी चुकतंय. आठवडा झाला, स्वप्नातसुद्धा मी वजाबाक्या करतेय.

मीराकाकू : आणि आम्हाला वाटलं, कौस्तुभची स्वप्नं पडत असतील.

दिपिका : तोही असतो. तोही वजाबाक्याच करत असतो. अगं बाई, फोन! आत्या.

धोंडूआत्या : दिपे! ऐकू येतंय का गो?

मीराकाकू : येतंय धोंडूताई. गुरुजींनाही आलं असेल.

धोंडूआत्या : विहीनबाई, तुमी पन तिथंच का? बरं झालं. ऐका, बस अडकली. पाईपासाठी रस्ता खनून ठेवलाय, डायवर म्हनतो गल्लीत बस शिरायची नाय. आता आमी नाक्यावर. पुढं जाता येत नाय, मागं गाड्या पोंपों करून डोकं खातात. अख्खी चांदीप रस्त्यात उभी हाय नटूनथटून.

दिपिका : आत्या, मग रिक्षा करा ना. हॉल जवळच आहे. तीन-तीन जण बसा.

मीराकाकू : तीनच हं. नाक्यावर ट्रॅफिकचा मामा उभा असतो, चौथा घेणार नाहीत.

दिपिका : काकू! अहो काकू, हे तेच की!

मीराकाकू : काय तेच?

दिपिका : बस म्हणजे मोठी मागणी! गल्लीत मावत नाही. रिक्षाचा घास तीन माणसांचा. तुकडे करा, पाठवा! माझाच साखरपुडा आणि माझंच काम, अगदी समोरासमोर! हसू येतंय मला.

मीराकाकू : हसू नकोस, काजळ पसरेल. झालं, पसरलं. इकडे बघ.

धोंडूआत्या : दिपे, हसतेस काय? इथं वेगळाच घोळ झालाय. रिक्षा येते नि जाते, येते नि जाते, कोन बसतच नाय!

दिपिका : का?

धोंडूआत्या : रांगेत पयला हरेश्वर. तो, त्याची बायको आनि दोन पोरी. म्हनतो, चौघं एकत्र जानार, फॅमिली तोडनार नाय. रिक्षावाला म्हनतो चार नाय घेनार. हा म्हनतो मग जा. रिकामी रिक्षा जाते, दुसरी येते, परत तेच.

मीराकाकू : अहो, मग मागच्यांनी बसायचं.

धोंडूआत्या : कसं बसतील? घरात तो थोरला. थोरल्याच्या पुढं कोन जानार? आमच्यात नाय तसं करत.

दिपिका : शून्य! काकू, शून्य माणसांची रिक्षा! अरे देवा, पोट दुखतंय माझं.

मीराकाकू : अगं श्वास घे. काय शून्य?

दिपिका : गेल्या महिन्यात माझं मशीन असंच अडकलं होतं! काही तुकडे एकमेकांना चिकटलेले असतात, ते तोडायचे नाहीत असा नियम. पण चिकटलेला गठ्ठाच डिस्कच्या घासापेक्षा मोठा निघाला, तर तुकड्यात काही उरतच नाही. कर्नल रिकामा तुकडा पाठवतो, परत बघतो, गठ्ठा तिथेच. परत रिकामा पाठवतो. मशीनचा पंखा नुसता गरगरतोय आणि काम काडीचं नाही. डिट्टो हरेश्वरकाका!

मीराकाकू : मग काय केलंस त्या पंख्याचं?

दिपिका : कर्नलला सरळ नाही म्हणायला शिकवलं. हा गठ्ठा मोडत नसेल तर जाणार नाही, घ्या परत. आत्या, काकांना सांग, मोडा नाहीतर चालत या.

धोंडूआत्या : ए हरेश्वर! नवरी म्हनते, मोड नायतर चालत ये! हां, नवरीच म्हनते! आता का बघतोस माझ्याकडं? नवीन बूट घातलेस ना, चाल मग!

मीराकाकू : काय म्हणाले?

धोंडूआत्या : बुटाकडं बघितलं आनि मोडला. मोठी पोर माझ्याजवळ ठेवली. बसले तिघं. सुटली बाय पयली रिक्षा! सॅन्टन म्हनून हाय रिक्षावाला, म्हनतो चर्चच्या मागनं असा नेतो, की बसायच्या आधी उतराल.

मीराकाकू : छान. दिपिका, एकूण रिक्षा किती येणार? आमचे हे गेटवर उभे आहेत गुलाबपाणी घेऊन, त्यांना सांगायला हवं. मंडळी सगळी आली की लगेच सुरू करा, असं मीच सांगून ठेवलंय. गुरुजींना बोळिंजला दुसरं कार्य आहे, ते सारखे घड्याळ बघतायत.

दिपिका : एक मिनिट काकू, विचारून सांगते. आत्या, रिक्षा किती लागतील?

धोंडूआत्या : आता कसं सांगू? इथं बोचक्यांवरनं भांडन लागलंय. तीन बायका बसल्या खऱ्या, पन पिशव्या बघ! करंज्यांचा डबा, मानाची साडी, फनस.

मीराकाकू : फणस?

धोंडूआत्या : आमच्या झाडाचा पयला फनस हाय विहीनबाई, तुमच्यासाठी. तो मांडीवर घ्यायला कोन तयार नाय. काटे टोचतात म्हनतात. नव्या साड्या ना.

दिपिका : बघितलंत? नुसती माणसं मोजून चालत नाही! सामानाचे डाग किती तेही बघावं लागतं. डिस्कचंसुद्धा तसंच, एकूण माल कमी असला तरी तो फार गाठोड्यांत असेल तर घेत नाही. आत्या, फणस वेगळ्या रिक्षात बसव.

धोंडूआत्या : फनसाला वेगळी रिक्षा?

मीराकाकू : बसवा धोंडूताई. फणस आमचा पाहुणा आहे.

धोंडूआत्या : बघा गो, सासू कशी मिळालीय पोरीला! फनसाला रिक्षा करून देते.

मीराकाकू : अगं दिपिका, थांब, आवाज कमी कर जरा. बाहेर काय चाललंय? मंत्र ऐकू येतायत का?

दिपिका : मंत्र? आत्ता?

मीराकाकू : दार उघडते. अहो! अहो, काय चाललंय हे? काय? कोण म्हणालं? बरं बरं. हं. अगं, गणपतीपूजन सुरू झालं. हे म्हणतात, चांदीपची मंडळी आली. मोठ्या मिशांचे एक गृहस्थ रिक्षातून उतरले, हात वर केला आणि म्हणाले, ‘आलो आम्ही चांदीपकर! करा सुरू!’

दिपिका : हरेश्वरकाका! ते असंच बोलतात हो. आमच्याकडे थोरला पोचला की घर पोचलं. ते कुठेही गेले की असंच म्हणतात, दवाखान्यात एकटे गेले तरी ‘आलो आम्ही’.

मीराकाकू : आणि यांना काय माहीत, मागून किती यायचेत! यांच्या हिशोबी रिक्षा यायची होती, रिक्षा आली. गुरुजी तयारच होते. आता तुला बाहेर बोलावतायत.

धोंडूआत्या : सुरू झालं? बरं झालं. जा गो दिपे, बस पाटावर. आमच्यासाठी थांबू नको. अजून बरीच मंडळी बसवायचीत, मी आपली शेवटच्या रिक्षातनं येते फनस घेऊन.

दिपिका : नाही.

धोंडूआत्या : काय नाय?

दिपिका : तू आल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही.

धोंडूआत्या : वेडी काय गो तू! माझ्यावाचून काय अडतंय? अंगठी कौस्तुभ घालनार, मी थोडीच घालनार?

दिपिका : काकू, हिचं नेहमीचंच आहे. आई गेल्यापासून मला हिने वाढवलं. आणि घरात कुणाचं काहीही असो, लग्न, बारसं, ही मागे. सगळे बसले का, कुणाची पिशवी राहिली का, म्हातारी चढली का. सगळ्यांना बसवून ही शेवटी निघते, आणि पोचते तेव्हा अक्षता पडून गेलेल्या असतात. आमच्या घरातला एकही फोटो नाही ज्यात आत्या आहे. एकही नाही!

धोंडूआत्या : मला कशाला घेतात फोटोत? मी डोळे मिटते.

दिपिका : आज मिट नाहीतर उघडे ठेव, पण तू पुढे पाहिजेस. मी कौस्तुभला आधीच सांगितलंय, आत्या समोर बसल्याशिवाय माझं बोट पुढे होणार नाही. तो हसला होता. मी हसत नव्हते.

मीराकाकू : रडू नकोस. काजळ आता तिसऱ्यांदा घालावं लागेल. इथेच बस, मी बघते.

दिपिका : पण गुरुजी? बोळिंजचं कार्य?

मीराकाकू : बोळिंजला गुरुजींना मी स्वतः पोचवते, फणसाच्या रिक्षातून. त्यांनी गणपतीपूजन केलंय ना, गणपतीला म्हणावं जरा वेळ बसा, चहा घ्या. मी आलेच.

धोंडूआत्या : गेल्या का गो त्या?

दिपिका : गेल्या. पदर खोचून गेल्या.

धोंडूआत्या : माझ्यापायी भांडन नको हां दिपे. पयल्याच दिवशी.

दिपिका : भांडण नाही गं. आणि चूक तुझी नाही, माझीच आहे. काकूंनी मला विचारलं होतं, रिक्षा किती येणार. मी म्हटलं, एक मिनिट, सांगते. मग तो फणस निघाला, मी हसत बसले, आणि सांगायच्या आधीच पहिली रिक्षा पोचलीसुद्धा. त्यांच्या मोजणीत तेव्हा एकच होती. एकातून एक गेली, शून्य. झालं, आले सगळे. मी जर आधीच सांगितलं असतं, तर...

धोंडूआत्या : तर काय? दिपे? बोल ना!

दिपिका : आत्या.

धोंडूआत्या : काय झालं गो?

दिपिका : आत्या!

धोंडूआत्या : पाल पडली का अंगावर?

दिपिका : सापडली! सापडली! आत्या, चूक सापडली माझी!

धोंडूआत्या : आता नि काय चुकलं?

दिपिका : मोजणी बरोबरच आहे गं! मोजायची वेळ चुकलीय! मी तुकडा आधी पाठवते आणि ‘अजून एक येणार आहे’ हे नंतर सांगते! जुनी डिस्क म्हणजे साधा रिक्षावाला, तो पोचेपर्यंत माझं सांगून होतं. नवी डिस्क म्हणजे सॅन्टन! चर्चच्या मागून! मी तोंड उघडायच्या आत हा दारात हजर! म्हणून कधीतरीच चुकतं, म्हणून वाचून कळत नव्हतं! ही ओळ खाली आहे ना, ती वर घ्यायची. आधी सांगायचं, मग रिक्षा सोडायची. एक ओळ आत्या, एक ओळ! आठवडा गेला माझा!

धोंडूआत्या : मला काय कळलं नाय. पन तू लहानपनी परीक्षेचा निकाल आनायचीस ना, तसा आवाज आला तुझा. घे बाय, वर घे ती ओळ.

दिपिका : घेतली. ऑफिसातलं मशीन चालू आहे, त्याच्यावर चाचणी टाकली. आता तिथल्या नव्या डिस्कला नुसती पळवते.

मीराकाकू : दिपिका! झालं काम. थांबवलं सगळं. अगं नाचतेस काय? पिना!

दिपिका : काकू, तुमचं काय झालं ते आधी सांगा!

मीराकाकू : काही नाही. गुरुजी म्हणाले, मुहूर्त टळेल. मी म्हटलं, गुरुजी, मुलीकडची मंडळी रस्त्यात आणि आपण इथे आटपून घ्यायचं, असा कुठला मुहूर्त? त्यांनी दुसरा चहा मागितला. आणि तुझ्या हरेश्वरकाकांनाच गेटवर उभं केलंय. म्हटलं, थोरले तुम्ही, तुम्हीच मोजा. आता ते कुणाला ‘आले सगळे’ म्हणू देत नाहीत. यांनी सहज विचारलं, तर यांच्यावरच डाफरले.

दिपिका : माझे काका!

मीराकाकू : धोंडूताई, आता मला नीट सांगा. मागे किती रिक्षा?

धोंडूआत्या : चार सुटल्यात विहीनबाई, त्या पोचतीलच. पाचवी शेवटची. त्यात मी, हरेश्वरची पोर, बसचा डायवर आनि फनस.

मीराकाकू : फणसाला वेगळी होती ना?

धोंडूआत्या : कशाला उगाच? डायवरच्या मांडीवर दिलाय. त्याची साडी थोडीच फाटनार! सॅन्टन परत आलाय न्यायला. बसते हां आता. आनि बाय, खरंच सांगते, मला कोन थांबेल असं वाटलं नवतं.

मीराकाकू : या सावकाश. इथून कोणी हलत नाही.

दिपिका : काकू, माझी पण चूक सापडली. तुम्ही विचारलंत आणि मी उशिरा सांगितलं, तीच चूक माझ्या कामात होती. हुबेहूब!

मीराकाकू : म्हणजे आमच्या साखरपुड्याचा घोटाळा झाला आणि तुझं यंत्र सुधारलं?

दिपिका : अजून बघायचंय. चालू आहे. हिरवं येतंय. अजून एक हिरवं. एव्हाना लाल यायला हवं होतं. काकू, लाल येतच नाहीये!

मीराकाकू : मान सरळ ठेव, गजरा तिरका झालाय. हिरवं चांगलं ना?

दिपिका : हिरवं म्हणजे पेढे! आता तर पुरं झालं, सगळं हिरवं! काकू, मिठी मारू का?

मीराकाकू : मार. पण अलगद, इस्त्री आहे.

धोंडूआत्या : आलो बाय एकदाचे! काय तो सॅन्टन, माझे दात खाली पडले असते. विहीनबाई, नमस्कार. दिपे, किती गोड दिसतेस गो! काजळ कुनी घातलं असं वेडंवाकडं?

मीराकाकू : धोंडूताई, समोर उभ्या आहात. फोन बंद करा आता.

धोंडूआत्या : हो की! माझाच आवाज मला दोनदा येत होता. ही हातातली पेटी मिट ना आता.

दिपिका : एवढा मेल जाऊ दे. आमच्यात पद्धत आहे, ज्याच्यामुळे चूक कळली, त्याचं नाव मेलमध्ये लिहायचं. ते कर्नलमध्ये कायमचं राहतं, कोणी पुसत नाही. तुझं लिहितेय.

धोंडूआत्या : माझं? मी काय केलं? मी तं नुसती उशिरा आली.

दिपिका : तेच तर केलंस.

धोंडूआत्या : आनि तो जर्मनीवाला वाचनार? धोंडूबाई म्हनून?

दिपिका : वाचणार. अडखळत वाचेल, पण वाचेल.

धोंडूआत्या : कुठं लिहिलंस, बघू. एवढं खाली?

दिपिका : शेवटच्या ओळीत असतं ते.

धोंडूआत्या : मग बरोबर हाय. ती माझी सवयीची जागा.

मीराकाकू : तिथे राहू दे तुमचं नाव शेवटी. इथे पहिल्या रांगेत मधली खुर्ची ठेवलीय, फोटोवाल्याला दाखवूनही ठेवलीय. तुम्ही बसा, मग मी गुरुजींना सांगते, आले सगळे म्हणून.